दोन दांड्यांची गिटार

'स्टेअरवे टू हेवन' हे गाणं स्टुडिओत एका गिटारीवर झालेलं नाही. सुरुवातीचं नाजूक काम अकूस्टिक गिटारीचं, मधला भरदार झंकार बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारीचा आणि शेवटचा गाजलेला तुकडा टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीचा. लेड झेपलिन या रॉक बँडच्या जिमी पेज यांनी हे थर एकावर एक चढवले. मार्च १९७१ मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर वाजलं. रंगमंचावर अडचण उघड होती. माणूस एक, आणि गाण्याच्या मध्यात गिटार बदलायला उसंत नाही. उत्तर गिब्सन कंपनीच्या जुन्या यादीत होतं. ईडीएस-१२७५ नावाची, वर बारा तारांची आणि खाली सहा तारांची अशी दोन दांड्यांची गिटार कंपनीनं १९५८ मध्ये काढली होती. आधी ती पोकळ होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला भरीव झाली, दोन शिंगांची झाली. ती मागणीप्रमाणेच बनायची आणि दशक संपता संपता यादीतून गेली. पेज यांनी ती मुद्दाम मागवून घेतली. चेरी लाल रंगाची ती गिटार पुढे इतक्या फोटोंत आली की ज्यांनी गाणं ऐकलेलं नाही त्यांनाही तिचा आकार ओळखू येतो.

मी गिटारी बनवतो, आणि माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना हीच हवी होती. सत्तरच्या दशकात मुंबईत कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणारे, पुढे नोकरीत गिटार बाजूला पडलेले, निवृत्तीनंतर पुन्हा हातात घेतलेले. सोबत फोटोंची जाड फाईल. प्रत्येक फोटोवर पेन्सिलीनं खुणा: इथला स्क्रू, तिथली बटणाची जागा. मी फाईल बघितली आणि विचारलं, "काका, ही तुम्हाला दिसायला हवी आहे की वाजायला?"

"दोन्ही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण अडलंच तर वाजायला."

हे उत्तर मिळालं नसतं तर मी काम घेतलं नसतं. दिसायला सारखी गिटार बनवणं आज फार कठीण नाही. यंत्रावर आकार कापून मिळतो, सुटे भाग घरपोच येतात. वाजायला सारखी म्हणजे काय, हे मात्र आधी ठरवावं लागतं. आमचं ते एका जुन्या मुलाखतीवरून ठरलं. १९७७ मध्ये पेज यांनी सांगितलं होतं की बारा तारांची बाजू चालू ठेवून सहा तारांवर वाजवलं, तर वरच्या तारा आपोआप कंप पावतात, भारतीय सतारीसारख्या. रंगमंचावर ते हे गाणं तसं वाजवत.

मी शिकलो मिरजेत. सतार-तंबोऱ्याच्या कामात उमेदीची वर्षं गेली, गिटार नंतर आली. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफा असतात, अकरा-तेरा बारीक तारा. त्यांना बहुतेक वेळ कुणी हात लावत नाही. वरचा स्वर बरोबर लागला की खालची त्याच स्वराची तार बोलते. सतार तयार झाली की आमचे उस्ताद पहिली मींड न घेता एकच स्वर वाजवायचे, तार हातानं दाबून बंद करायचे आणि मान कलती करून ऐकत बसायचे. मागे काय उरतं, ते बघायचे. उरलं नाही तर वाद्य पुन्हा खोलायचे. पेज यांचं वाक्य वाचल्यावर मला कामाची दिशा मिळाली. या गिटारीत जे जे करायचं ते एका दांडीचा कंप दुसऱ्या दांडीपर्यंत पोचावा म्हणून करायचं. फाईलमधल्या पेन्सिलीच्या खुणा त्यानंतर.

आता लाकूड. मूळ गिटारीचं धड महोगनीचं, दांड्याही महोगनीच्या. पुढच्या काळात कंपनीनं ही गिटार पुन्हा काढली तेव्हा दांड्या मेपलच्या झाल्या. मुंबईतल्या एका वादकाकडे अशी नंतरच्या काळातली डबल-नेक होती. त्यांनी मला ती मोजू दिली, मनसोक्त वाजवू दिली. वाद्य उत्तम, पण मेपल कडक आणि चकचकीत बोलतं. मला हवा होता तो महोगनीचा मऊ, मधल्या पट्टीतला आवाज. लॅटिन अमेरिकेतल्या जंगलातली मोठ्या पानाची महोगनी २००३ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आहे. आपल्याकडे मात्र तीच जात लागवडीतून मिळते. केरळातल्या एका वखारीत मला जुन्या, सुकलेल्या फळ्या मिळाल्या. फळी घेताना मी आधी उचलतो, मग बोटाच्या पेरानं वाजवतो. काकांच्या खांद्याला त्रास होता आणि अशी गिटार साडेपाच-सहा किलोंपर्यंत जाते. काही जण वजनासाठी आतून धड पोखरतात. मी नाही म्हटलं. पोखरलेलं धड वेगळं वाद्य होतं. त्यापेक्षा ढिगातली हलकी फळी शोधण्यात वेळ घालवावा. महोगनीच्या दोन फळ्या शेजारी ठेवल्या तरी वजनात मोठा फरक निघतो.

एवढं रुंद धड एका फळीतून निघत नाही, दोन जोडाव्या लागतात. तो जोड कुठे यावा यावर मी बराच विचार केला, कारण कंपाचा रस्ता त्या जोडातूनच जाणार. रंध्यानं दोन्ही कडा अशा साफ केल्या की फळ्या उजेडासमोर धरल्या तर फटीतून प्रकाशाचा धागाही दिसू नये. मग सरस. हाडा-कातड्याचा, गरम पाण्यात विरघळवलेला जुना सरस. गिब्सनच्या कॅलामझूच्या कारखान्यात त्या काळी हाच वापरत आणि मिरजेतही पिढ्यान्‌पिढ्या हाच. आजचे पांढरे गोंद सोयीचे आहेत, पण ते सुकल्यावरही किंचित लवचीक राहतात. सरस काचेसारखा कडक होतो. त्याला घाई लागते. थंड व्हायच्या आत शिकंजे बसले पाहिजेत, म्हणून मी फळ्या आधी उन्हात तापवून घेतो. दांड्यांची कुसवंही अशाच सरसानं धडात बसवली. बोल्टनं दांडी जोडणाऱ्या गिटारी मी बनवतो, त्यांना मी कमी लेखत नाही. पण इथे दांडी आणि धड हे एकच लाकूड असल्यासारखं वागायला हवं होतं.

फिंगरबोर्डसाठी शिसवी. जुन्या काळात ब्राझीलचा रोझवूड वापरला जायचा. तो १९९२ पासून व्यापाराला जवळजवळ बंद आहे, आणि गिब्सननं साठच्या दशकातच भारतीय शिसवीकडे वळायला सुरुवात केली होती. सह्याद्रीतलं हे लाकूड जगभरच्या गिटारींवर बसलेलं आहे. जुन्या वाड्यांच्या दारांत, देवघरांत आपण ते बघितलेलं असतं. मी वापरलेला तुकडा एका जुन्या पलंगाच्या पायाकडच्या फळीचा होता. त्यात कुठे किडीची वाट नव्हती, रेघ सरळ होती, आणि एवढ्या वर्षांनंतर ते लाकूड आता हलणार नव्हतं.

फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, जागा ठरवणं हा या कामातला सर्वांत मजेचा भाग. कंपनीच्या कागदावर तारेची लांबी पावणेपंचवीस इंच, पण जुनी गिटार मोजली तर ती २४.६ च्या आसपास भरते. याचं कारण जुन्या गणितात आहे. उरलेल्या लांबीला दर वेळी अठरानं भागत जायचं आणि फ्रेट बसवत जायचे, अशी ती पद्धत. काटेकोर गणितात भाजक १७.८१७ आहे. अठरानं भागलं की बारावा फ्रेट लांबीच्या बरोबर मध्यावर येत नाही, जरासा अलीकडे, दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या नटच्या बाजूला राहतो. पावणेपंचवीस इंचावर हिशेब केला तर तो १२.२८ इंचांवर येतो. त्याची दुप्पट २४.५७. जुन्या गिटारी मोजणाऱ्यांना सापडणारा आकडा हाच. तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. अठराच्या भागाकारातला हा फरक तो चढ बऱ्यापैकी झाकतो, बाकीचं तारांच्या दुसऱ्या टोकाला, धडावरच्या ब्रिजवर सांभाळता येतं. मी जुनंच गणित घेतलं. सतारीचे पडदे सरकवता येतात, कानानं जागा बदलता येते. गिटारीचा फ्रेट एकदा ठोकला की कायमचा. म्हणून दोन्ही दांड्यांच्या वीस-वीस खाचा मी यंत्रावर न कापता एकाच पट्टीवरून हातानं कापल्या. दोन्हींचे स्वर एकमेकांशी तंतोतंत जुळले नाहीत, तर एका दांडीवर वाजलेल्या स्वराला दुसरी उत्तर देणार नाही.

बारा तारांची दांडी म्हणजे निराळंच प्रकरण. सहा जोड्या. खालच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि एक बारीक, बारीक तार वरच्या सप्तकातली. वरच्या दोन जोड्या एकाच स्वराच्या. ताण जवळजवळ दुप्पट. सहा तारांच्या दांडीवर चाळीस किलोंहून अधिक ओढ असते, इथे ती ऐंशीच्या पुढे जाते, आणि ही दांडी मूळ गिटारीत फारशी जाड नाही. आत लोखंडी सळई असते. तार दांडीला पुढे वाकवते, सळई मागे खेचते. ही कल्पना गिब्सनच्याच थॅडियस मॅकह्यू या कामगाराची, पेटंट १९२३ चं. मी काम करतो त्या पुण्याच्या हवेत तिची कसोटी लागते. एप्रिलच्या दुपारी लाकूड कोरडं ठणठणीत, जुलैत तेच फुगलेलं. म्हणून दांड्यांचा आकार मी एका दमात काढत नाही. थोडं तासायचं, आठवडाभर टांगून ठेवायचं, वाकतेय का बघायचं, पुन्हा तासायचं. लाकडाच्या आत दबलेला ताण या मधल्या दिवसांत बाहेर येतो. घाईत बनवलेल्या दांड्या पहिल्याच पावसाळ्यात पीळ खातात, मग सळईही काही करू शकत नाही.

बारा तारांच्या ब्रिजवर तारा टेकायला खाचा सहाच. हा ब्रिज १९५४ च्या सुमारास गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्या काळात आला आणि सहा तारांसाठी तो आजही चोख आहे. पण जाड तारेला हवी ती जागा बारीक तारेला नको असते. एका खाचेवर दोघी बसल्या की एकीचा स्वर वरच्या फ्रेटवर किंचित हलतो. आज प्रत्येक तारेला वेगळी खाच असलेले बारा खाचांचे ब्रिज मिळतात. काकांना मी दोन्ही ऐकवले. नवा ब्रिज शुद्ध होता. जुन्यात जोडीतल्या दोन तारा एकमेकींशी जरा घासून बोलत होत्या, त्यातून लाटेसारखी एक थरथर उठत होती. ती थरथर त्या गाण्यात आहे. काकांनी डोळे मिटूनच जुन्याकडे बोट दाखवलं. मीही तेच निवडलं असतं. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा दोन माणसांनी एकाच स्वरात लावल्या तरी त्यांच्यात जो जिवंत फरक राहतो, तो काढून टाकला तर तंबोरा मुका वाटतो.

तारांचा कंप विजेत बदलणारे पिकअप मी स्वतः गुंडाळतो. सेथ लव्हर यांनी पन्नासच्या दशकात गिब्सनसाठी शोधलेला हंबकर म्हणजे शेजारी शेजारी दोन गुंडाळ्या, उलट दिशेच्या आणि उलट ध्रुवांच्या. विजेच्या तारांमधून येणारी घरघर दोन्हींत उलटसुलट शिरते आणि एकमेकींना मारते. तारेचा कंप मात्र दोन्हींत मिळून वाढतो. गुंडाळीला साधारण पाच हजार वेढे, बेचाळीस गेजची, केसाहून बारीक तांब्याची तार. चार पिकअप म्हणजे आठ गुंडाळ्या. यंत्राच्या मोटरवर हात ठेवून तार सोडताना तिचा ताण बोटांना कळला पाहिजे. जास्त ओढली की तुटते, सैल सोडली की गुंडाळी फुगते. आजकाल पिकअप मेणात बुडवतात, म्हणजे मोठ्या आवाजात ते किंचाळत नाहीत. जुने पिकअप मेणाविना असत. ते तारेबरोबर धडाचाही कंप थोडा उचलतात. आमच्या कामाला हेच हवं होतं. काका घरात आणि छोट्या बैठकीत वाजवणार, मोठ्या मैदानात नाही. मी मेण टाळलं.

रंगाला मात्र दिवाळीपर्यंत थांबलो. नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला फर्निचरवाले एनसी म्हणतात, पावसाळ्यात मारला की हवेतली ओल त्यात अडकते आणि तो पांढरट पडतो. आधी महोगनीची छिद्रं लाल फिलरनं भरली, मग चेरीचा रंग, मग पातळ लॅकरचे हात, दोन हातांच्या मध्ये काचकागद. जाड थर दिला तर तो गादी टाकल्यासारखा लाकडाला दाबतो. पातळ दिलेला काही वर्षांत आकसतो, रेषा पडतात, रंग उन्हानं फिका होतो.

काकांनी इथे विचारलं, जुनी दिसावी म्हणून थोडी घासून द्याल का. हे काम आता सर्रास चालतं: कडा खरवडायच्या, लॅकरला मुद्दाम तडे पाडायचे, धातू गंजवायचा. पुष्कळ कारागीर ते फार सुंदर करतात. मी नकार दिला. बेलफास्टच्या त्या रात्री पेज यांच्या हातात झिजलेली गिटार नव्हती. त्या क्षणाची प्रतिकृती करायची असेल तर ती नवीच हवी. झीज ज्याच्या हातानं व्हायची त्याच्या हातानं होऊ द्यावी. काकांना हे पटलं.

काकांना मी दुसरा नकार दिला तो हेडस्टॉकवर गिब्सन हे नाव घालायला, आणि हा नकार मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. बाजारात खोट्या नावाच्या गिटारींचा पूर आहे. आज मानवंदना म्हणून बनवलेली, उद्या कुणाच्या तरी हातून मूळ म्हणून विकली जाते, आणि फसतो तो पैसे साठवून घेणारा एखादा तरुण वादक. माझं म्हणणं सरळ आहे. मानवंदना द्यायची तर ज्याला द्यायची त्याचं नाव चोरून नाही. काकांना वाईट वाटलं, त्यांनी लपवलं नाही. मी म्हटलं, "काका, आवाज त्यांचा घेतलाय आपण. सही तरी आपली असू द्या." हेडस्टॉकवर शिंपल्याच्या तुकड्यातून माझ्या वर्कशॉपचं नाव बसवलं. दांड्यांवरच्या समांतरभुज चौकोनांच्या खुणाही त्याच शिंपल्याच्या.

तारा चढवल्या त्या दिवशी मी ॲम्प्लिफायर लावला, निवडीचं बटण मधे ठेवलं, म्हणजे दोन्ही दांड्या चालू. सहा तारांवर 'ए' वाजवला आणि तळहातानं दाबून बंद केला. वरच्या दांडीतून 'ए' येत राहिला, त्याच्या मागोमाग त्याचा वरचा 'ए', आणि अगदी तळाशी 'ई'चा एक धागा. मी उस्तादांसारखीच मान कलती करून ऐकत होतो, हे काकांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी स्वतः वाजवायला घेतल्यावर हे आणखी उघड झालं. सहा तारांवर एकल वाजवताना वरची दांडी सतत मागे भरत होती. पोकळी नाही, भोपळा नाही, भरीव लाकूड. तरीही.

या गिटारीचं आपल्याकडचं नातं मी ओढून आणत नाही, ते आहेच. १९७२ मध्ये पेज आणि लेड झेपलिनचे गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे लोकांपर्यंत पोचायला २०१५ उजाडलं. त्याच काळात गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन आपल्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये डबल-नेक वाजवत होते. त्यांना दोन दांड्याही पुरल्या नाहीत. तबलावादक झाकिर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड काढल्यावर त्यांनी अकूस्टिक गिटारीच्या मुख्य तारांखालून तिरप्या अनुनादी तारा बसवून घेतल्या आणि फिंगरबोर्ड फ्रेटांच्या मध्ये खोल करून घेतला, मींड घेता यावी म्हणून. पाश्चात्त्य वाद्याला तरफ हवीशी वाटली, ती वादकांच्या कानामुळे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहेच, पण कागदापेक्षा तिथल्या माणसांचे कान जपले गेले पाहिजेत. पुण्या-मुंबईतली बरीच मुलं हल्ली गिटार बनवायला शिकतात, व्हिडिओ बघतात, बाहेर जाऊन महागडे अभ्यासक्रम करतात. त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. लाकूड कोरायचं राउटर यंत्र विकत घेण्याआधी महिनाभर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन बसा. हातात काम देतील तेवढं करा, सरस शिजवा, खुंट्या घासा. आणि तिथे कुणी स्वर बंद करून मान कलती केली, तर बोलू नका, तुम्हीही ऐका.